सरांना मेल, मॅडमना मेसेज: कॉलेजमधला पत्रव्यवहार नीट कसा करावा

‘सर उद्या सबमिशन आहे का?’ असा मेसेज रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून येतो. कोण विचारतंय, वर्ग कोणता, विषय कोणता, जर्नल की असाइनमेंट, यातलं काहीच त्यात नसतं. तीन वर्गांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे दीड-दोनशे विद्यार्थी असतात. उत्तर द्यायचं तर त्यांनाच आधी चार प्रश्न विचारावे लागतात. मग मेसेज तसाच पडून राहतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, सरांनी बघून सोडून दिलं. मेल असो की व्हॉट्सॲप, पाठवण्याआधी एवढंच तपासा: समोरच्याला उलट काहीही न विचारता उत्तर देता येईल का? हे जमलं की निम्मी कामं पहिल्याच फटक्यात होतात.

कशासाठी काय वापरायचं

आजच्या आज कळायला हवं ते व्हॉट्सॲपवर: लेक्चर रद्द, प्रॅक्टिकलची बॅच बदलली, लॅबची किल्ली कुणाकडे आहे. तीन महिन्यांनीही सापडायला हवं ते मेलवर: प्रोजेक्टच्या विषयाची मंजुरी, आजारपणामुळे बुडालेली इंटर्नल, गुणांबद्दलची शंका, शिफारसपत्र, पीएचडीच्या गाईडशी झालेला सगळा व्यवहार. व्हॉट्सॲपवर सरांनी ‘चालेल’ म्हटलेलं असतं, पण फोन बदलला, बॅकअप राहिला किंवा ग्रुपमध्ये डिसअपिअरिंग मेसेज चालू असले की तो होकार जातो. तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर मिळालेली परवानगी त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने पक्की करून घ्या: ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे मी माझी इंटर्नल १२ तारखेला ब बॅचसोबत देईन.’ उत्तर आलं नाही तरी तारखेसकट नोंद राहते.

तिसरा मार्ग मुलं विसरतात, तो कागदाचा. बोनाफाईड, टीसी, मार्कशीटमधली नावाची चूक, परीक्षा फॉर्मची मुदतवाढ, फी सवलत ही कामं ऑफिसची आहेत. विषयाच्या प्राध्यापकांना मेल करून ती होत नाहीत. त्यासाठी ‘प्रति, मा. प्राचार्य’ असा सहीचा अर्ज दोन प्रतींत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यायचा. त्या प्रतीचा स्कॅन मग मेलने विभागप्रमुखांना पाठवा. पुढे विद्यापीठात जावं लागलं, तर ही पोचच दाखवावी लागते.

मेल कसा लिहायचा

पत्ता आधी नीट करा. कॉलेजने दिलेला आयडी असेल तर तोच वापरा. नसेल तर नाव आणि आडनाव असलेला साधा आयडी काढा. आठवीत गंमत म्हणून काढलेल्या आयडीवरून आलेला मेल कुणाचा हे प्राध्यापकांना कळत नाही, आणि अशा पत्त्यांवरचे मेल स्पॅममध्ये जाण्याचीही शक्यता असते. खात्यावर दिसणारं नावही तपासा. कित्येक मुलांच्या मेलवर वडिलांचं किंवा सायबर कॅफेवाल्याने टाकलेलं नाव झळकत असतं.

विषयाच्या ओळीत वर्ग, रोल नंबर आणि काम. ‘मदत हवी’, ‘अर्जंट’ किंवा रिकामी ओळ नको. प्राध्यापक मेल शोधतात तेव्हा हीच ओळ शोधतात.

मजकुराचा क्रम असा ठेवा: मी कोण, काय झालं, मला नेमकं काय हवं, कधीपर्यंत. एक नमुना:

विषय: एसवाय बीएस्सी, रोल नं. ४२ – रसायनशास्त्र इंटर्नल पुन्हा देण्याबाबत

आदरणीय कुलकर्णी मॅडम,
मी एसवाय बीएस्सी, अ तुकडीची विद्यार्थिनी, रोल नंबर ४२. सोमवारी, ४ तारखेला झालेली आपल्या विषयाची पहिली इंटर्नल मी डेंग्यूमुळे देऊ शकले नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. मूळ प्रत ऑफिसात दिली आहे.
फेरपरीक्षा असल्यास तिची तारीख कळवावी, ही विनंती. बुधवारी आणि गुरुवारी दुपारी १२ नंतर मी विभागात भेटायला येऊ शकते.
आपली विद्यार्थिनी,
पूर्ण नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), मोबाइल नंबर

मजकूर जेमतेम पाच ओळींचा आहे, पण मॅडमना फक्त तारीख टाकून उत्तर देता येतं. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. उत्तर मेलवर द्यायचं नसेल तर ‘गुरुवारी ये’ एवढं म्हणण्याची सोय त्यात आहे.

‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंतिपूर्वक अर्ज करते की’ ही सुरुवात प्राचार्यांच्या अर्जात शोभते. विषयाच्या प्राध्यापकांना मेल करताना ती लागत नाही. तिच्यामुळे पहिल्या दोन ओळी वाया जातात, आणि फोनवर मेल न उघडता तेवढ्याच ओळी दिसतात. ‘डिअर सर/मॅडम’ हेही टाळा. तिरकी रेघ दिसली की एकच मेल दहा जणांना गेलाय असं वाटतं. आडनावासकट ‘जोशी सर’, ‘कुलकर्णी मॅडम’ लिहा. पदवी आणि आडनावाचं स्पेलिंग विभागाच्या पाटीवर किंवा संकेतस्थळावर बघून घ्या.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत? ज्या भाषेत चूक न करता नेमकं लिहिता येतं, त्या भाषेत. मराठी देवनागरीत लिहा. रोमन लिपीतलं मराठी मित्रांसाठी ठीक आहे, पण मेलमध्ये ते वाचायला त्रासाचं पडतं आणि शोधताना हाती लागत नाही, कारण एकच शब्द प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने लिहितो.

पाठवण्याआधीची एक सेटिंग सगळ्यांनी करून ठेवावी. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’चा वेळ मुळात ५ सेकंद असतो, तो सेटिंग्जमध्ये जाऊन ३० सेकंद करा. जोडपत्र राहिलं हे बहुधा पाठवल्यावर दहाव्या सेकंदाला लक्षात येतं. तरी राहिलंच, तर त्याच मेलला रिप्लाय करून फाइल पाठवा. नवा मेल सुरू करू नका. एका कामाचा सगळा व्यवहार एकाच साखळीत राहिला पाहिजे, आणि काम वेगळं असेल तर साखळीही वेगळी. इंटर्नलच्या जुन्या मेलखाली शिफारसपत्राची विनंती टाकली की ती हमखास हरवते.

उत्तर आलं नाही तर कामाचे दोन-तीन दिवस थांबा आणि त्याच साखळीत एका ओळीची आठवण करा. ‘सर, गुरुवारच्या मेलबद्दल विचारत होतो, फॉर्मची शेवटची तारीख १८ आहे’ एवढं पुरे. नंतरही काही कळलं नाही तर स्टाफ रूममध्ये जाऊन भेटा. थेट विभागप्रमुखांना सीसी करणं ही तक्रार समजली जाते, त्यामुळे तो मार्ग खरोखर तक्रार असेल तेव्हासाठीच ठेवा. सीसीमध्ये आधीच कुणी असेल, उदाहरणार्थ को-गाईड, तर मात्र ‘रिप्लाय ऑल’ करा. नाहीतर गाईड आणि को-गाईड एकाच प्रकरणावर दोन वेगवेगळ्या सूचना देत राहतात.

फाइल पाठवताना घोळ कुठे होतो

वहीच्या पानांचे बारा फोटो व्हॉट्सॲपवर एकामागून एक पाठवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. फोटो दाबला जातो, पेन्सिलचे आकडे पुसट होतात, पानांचा क्रम बिघडतो. गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे. सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घ्या, कडा कापा आणि पाठवण्याआधी पहिलं व शेवटचं पान मोठं करून वाचून बघा. व्हॉट्सॲपवरच पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल दाबली जात नाही.

फाइलचं नाव ‘असाइनमेंट १’ ठेवलं, तर सरांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये त्याच नावाच्या साठ फाइली जमतात. रोल नंबर, आडनाव, विषय, क्रमांक असं नाव द्या, मध्ये अंडरस्कोर टाका आणि रोल नंबर तीन आकडी लिहा: ०४२. त्यामुळे फाइली आपोआप रोल नंबरच्या क्रमाने लागतात. नावापुरती रोमन अक्षरं वापरा, कारण काही पोर्टल देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत.

जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच जोडपत्र जातं. त्याहून मोठं असेल तर ड्राइव्हची लिंक जाते. इथे नेहमीचा घोटाळा होतो. लिंक मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’ असते. सर रात्री तपासायला बसतात, समोर ‘ॲक्सेस मागा’ येतं, ते विनंती पाठवतात, तुम्ही झोपलेले असता. शेअर करताना प्राध्यापकांचा आयडी टाका किंवा ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडा. हा दुसरा पर्याय निवडला असेल तर इनकॉग्निटो विंडोत, म्हणजे लॉगिन न करता, लिंक उघडून पाहा. तिथे उघडली तर कुठेही उघडेल. कॉलेजच्या खात्यावरून शेअर केलेली फाइल कधी कधी फक्त कॉलेजच्याच आयडींना दिसते. बाहेरच्या परीक्षकांना पाठवताना हे मुद्दाम तपासा.

मराठी विभागात आणि मराठी माध्यमाच्या प्रकल्पांत आणखी एक अडचण येते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की तिथे निरर्थक अक्षरं दिसतात, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. डीटीपीवाल्याकडून काम करून घेत असाल तर सुरुवातीलाच ‘युनिकोडमध्ये करा’ असं सांगा. मंगल, कोकिळा, निर्मला हे फॉन्ट युनिकोडचे आहेत. प्रबंधाचं काम जुन्या फॉन्टमध्ये होऊन बसलं असेल तर तपासायला पीडीएफ पाठवा, पण तिथेच थांबू नका, मजकूर युनिकोडमध्ये बदलूनही घ्या. जुन्या फॉन्टच्या मजकुरात शब्द शोधता येत नाहीत, आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मराठी म्हणून वाचता येत नाही.

गुगल क्लासरूम

फाइल जोडली म्हणजे काम जमा झालं असं नाही. ‘टर्न इन’ दाबावं लागतं. ते राहिलं तर मुदत संपल्यावर प्राध्यापकांना ‘मिसिंग’ दिसतं. जमा केल्यावर फाइल बदलायची तर आधी ‘अनसबमिट’ करावं लागतं, आणि मुदतीनंतर पुन्हा जमा केलं की ‘उशिरा’ असा शेरा लागतो. म्हणून शेवटच्या तासात एखादं शुद्धलेखन सुधारण्यासाठी अनसबमिट करायचा मोह आवरा.

‘क्लास सापडत नाही’ ही तक्रार निघते बहुतेक वेळा दोन खात्यांमुळे. फोनवर घरचं जीमेल आणि कॉलेजचा आयडी दोन्ही चालू असतात आणि लिंक घरच्या खात्यात उघडते. कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून खातं बदला. संगणकावर क्रोममध्ये कॉलेजसाठी वेगळं प्रोफाइल केलं की हा त्रास कायमचा मिटतो.

गुणांबद्दल विचारायचं असेल तर ‘प्रायव्हेट कॉमेंट’मध्ये विचारा. ‘क्लास कॉमेंट’ सगळ्या वर्गाला दिसते.

वर्गाचा ग्रुप

ग्रुप बहुधा सीआर (वर्गप्रतिनिधी) काढतो. त्यात प्राध्यापक, सत्तर मुलं, शिवाय मागच्या वर्षीचे एटीकेटीवाले, म्हणजे विषय राहिलेले. एक नोटीस पडते आणि तिच्याखाली साठ वेळा ‘ओके सर’, ‘थँक यू सर’, ‘नोटेड’. तासाभराने कॉलेजला पोचलेल्या मुलीला नोटीस दिसतच नाही आणि ती ग्रुपवर विचारते, ‘काय झालं?’ यावर उपाय सोपा आहे: दोन ग्रुप. पहिल्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवायची परवानगी फक्त ॲडमिनना द्या. तिथे फक्त सूचना. दुसरा चर्चेचा, मुलांचा. तिथे प्राध्यापकांना घालू नका. त्यांनाही बरं आणि मुलांनाही. पोच म्हणून अंगठ्याची रिॲक्शन पुरे. महत्त्वाची सूचना पिन करा. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ती वर राहते.

साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलींना नको तिथून मेसेज येण्याची सुरुवात अनेकदा इथूनच होते. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून आम्ही सूचनांसाठी तोच पर्याय सुचवतो. ग्रुपची लिंक इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाकू नका. टाकली गेली असेल तर लगेच ‘रीसेट लिंक’ करा आणि नव्या सभासदांना ॲडमिनची मंजुरी लागेल असं ठेवा. वर्ष संपलं की जुना ग्रुप बंद करा. एफवायच्या ग्रुपचं नाव बदलून एसवायला वापरला, तर कॉलेज सोडून गेलेली मुलंही आत राहतात.

सीआरना एक भीती असते: ग्रुपमध्ये कुणी आक्षेपार्ह काही टाकलं तर ॲडमिन अडकतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं संगनमत नसेल, तर सभासदाच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. तरीही ॲडमिनला ती पोस्ट सगळ्यांसाठी डिलीट करता येते, ती करावी. त्याआधी स्क्रीनशॉट घेऊन वर्गशिक्षकांना दाखवावा.

प्राध्यापकांना थेट व्हॉट्सॲप करायचं असेल तर ‘नमस्कार सर’ लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. नाव, वर्ग आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये लिहा. व्हॉइस नोट पाठवू नका. सर दुसऱ्या वर्गात असतात, त्यांना ती ऐकता येत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. चुकीचं गेलं तर १५ मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो.

प्राध्यापकांनी काय करावं

पहिल्याच लेक्चरला तीन गोष्टी सांगा आणि लिहून द्या: शंका कुठे विचारायच्या, उत्तर किती दिवसांत मिळेल, कोणत्या वेळेत मेसेज करू नये. ‘मेलला कामाच्या दोन दिवसांत उत्तर, रात्री ८ नंतर आणि रविवारी मेसेज नको’ एवढं सांगितलं की बहुसंख्य मुलं पाळतात. मुलं रात्री अकराला मेसेज करतात, कारण कधी करू नये हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. स्वतःही पाळा. अकराला सुचलेली सूचना जीमेलच्या ‘शेड्यूल सेंड’ने सकाळी आठला जाऊ द्या.

नोटीसचा नुसता फोटो टाकू नका. शिक्क्याखाली तारीख झाकली जाते आणि फोटोतला मजकूर व्हॉट्सॲपवर शोधता येत नाही. फोटोसोबत चार ओळी टाइप करा: ‘टीवाय बीए, मानसशास्त्र. व्हायवा: शुक्रवार, १४ तारीख, सकाळी १०.३०, खोली २०७. रोल नंबर १ ते ३०. सोबत सही झालेलं जर्नल आणि ओळखपत्र.’ जुनी सूचना बदलली तर ‘सुधारित’ शब्दाने सुरुवात करा आणि आधीचा मेसेज काढून टाका. दोन्ही राहिले तर निम्मी मुलं जुन्या तारखेला येतात.

इंटर्नलचे गुण, डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी), जातीचा प्रवर्ग किंवा फीची थकबाकी असलेली एक्सेल शीट ग्रुपवर टाकणं थांबवायला हवं. ती अर्ध्या तासात कॉलेजबाहेर फिरते आणि परत घेता येत नाही. गुण क्लासरूममधून ज्याचे त्याला द्या. सगळ्या वर्गाला मेल करताना पत्ते बीसीसीमध्ये घाला, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कॉलेजात असू शकतात आणि गुणांची सगळी नोंद त्यांच्या खासगी मेलवर अडकते. अशा विषयांचा क्लासरूम काढताना विभागातल्या कायम प्राध्यापकांना सहशिक्षक म्हणून घ्या.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर विद्यार्थ्यांची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारायची की नाही, याचं उत्तर सगळ्यांसाठी सारखं ठेवा: शिकत असेपर्यंत नाही, पास झाल्यावर हरकत नाही. काहींची घेतली आणि काहींची नाही, की इंटर्नलच्या गुणांवरून कुजबुज सुरू होते.

परदेशी प्रवेशाची शिफारसपत्रं

निदान चार आठवडे आधी विचारा, आणि आधी फक्त तयारी आहे का ते विचारा. होकार आल्यावर दुसऱ्या मेलमध्ये सगळं एकत्र पाठवा: सीव्ही, मार्कशीट, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा, त्या प्राध्यापकांकडे केलेलं काम (विषय, वर्ष, गुण, प्रोजेक्ट), आणि विद्यापीठांचा तक्ता. तक्त्यात अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि शेवटची तारीख भारतीय वेळेत लिहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १५ डिसेंबरचे रात्रीचे ११.५९ वाजतात, तेव्हा आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०.२९ झालेले असतात.

बहुतेक विद्यापीठांचं पोर्टल प्राध्यापकांना थेट लिंक पाठवतं. फॉर्ममध्ये त्यांचा कॉलेजचा आयडी द्या. खासगी आयडी अनेक ठिकाणी चालत नाही. लिंक गेली की त्यांना लगेच कळवा आणि स्पॅम बघायला सांगा, कारण हे मेल तिथे अनेकदा जातात. ‘तूच लिहून आण’ असं सांगितलं गेलं तर पूर्ण पत्र लिहून देऊ नका, दहा नेमके मुद्दे लिहून द्या. एकाच हातची तीन पत्रं वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात.

मर्यादा ओलांडली गेली तर

अभ्यासाशी संबंध नसलेले रात्रीचे मेसेज, फोटोंवरच्या कॉमेंट, एकटीला भेटायला येण्याचा आग्रह असं प्राध्यापकांकडून होत असेल, तर मेसेज डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार द्या. ही समिती प्रत्येक कॉलेजात असणं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांनी बंधनकारक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. सीनियर मुलांनी ग्रुप काढून ज्युनियरना छळणं हेही रॅगिंगच आहे. त्यासाठी १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

कॉलेजचा आयडी बंद होण्याआधी

पास झाल्यावर कॉलेजचं खातं कधीतरी बंद होतं. गुगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा घातली, तेव्हापासून जुनी खाती काढून टाकण्याकडे संस्थांचा कल वाढला आहे. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आधी गुगल टेकआउटमधून मेल आणि ड्राइव्ह उतरवून घ्या. एलिजिबिलिटी, स्कॉलरशिप, प्लेसमेंट, लिंक्डइन या सगळ्या ठिकाणी नोंदवलेला कॉलेजचा आयडी बदलून स्वतःचा द्या, कारण खातं बंद झाल्यावर पासवर्ड बदलायचा ओटीपीही त्याच बंद पत्त्यावर जातो. गाईडना आणि शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना नवा पत्ता त्याच जुन्या साखळीतून कळवा.